75 हजारांत फोटो एडिटिंगचा कॉम्प्युटर: पैसे नेमके कुठे घालायचे?

मांजराकाठ (लातूर)
नमस्कार मंडळी. फोटो एडिटिंगसाठी नवा डेस्कटॉप असेंबल करायचाय. मॉनिटर धरून 75 हजार, यूपीएस वेगळा. काम लग्नाचं: 24 मेगापिक्सेलचे रॉ (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइल), एका कार्यक्रमाचे दोन-अडीच हजार फोटो. लाइटरूम क्लासिकमध्ये कलर, मग फोटोशॉपमध्ये 12 बाय 36 चे अल्बम शीट. अधूनमधून तीन-चार मिनिटांचा हायलाइट व्हिडिओ. खोलीत एसी नाही, कूलर आहे.

दुकानातून आलेलं कोटेशन असं: रायझन 5 5600, ए520 बोर्ड, 8 जीबीची एकच रॅम, 512 जीबी एसएसडी, जीटीएक्स 1650 4 जीबी, 24 इंची 165 हर्ट्झ गेमिंग मॉनिटर (व्हीए पॅनल), आणि कॅबिनेटसोबतच एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा). यात काय ठेवावं, काय काढावं?

हार्डवेअर_जालना
हे कोटेशन गेम खेळणाऱ्या पोराचं आहे, अल्बमवाल्याचं नाही. जवळपास सगळंच बदलावं लागेल.

आधी रॅमचं बघा. 12 बाय 36 इंच, 300 डीपीआय म्हणजे 3600 गुणिले 10800 पिक्सेल. एवढी एक सपाट शीट 8 बिटमध्ये फोटोशॉपला 111 एमबी पडते, 16 बिट केली की 222. ही फक्त बॅकग्राउंडची गोष्ट झाली. त्यावर सात-आठ फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून, प्रत्येकाला मास्क, वर पीएनजीची फुलं, सावल्या, टेक्स्ट, आणि मागे हिस्ट्रीच्या 50 स्टेप. एक शीट सहज दोन-तीन जीबी खाते. अशा तीन-चार शीट उघड्या असतात, लाइटरूम मागे चालू असतं, क्रोममध्ये व्हॉट्सॲप असतं. 8 जीबीत विंडोज आणि क्रोमच कसेबसे मावतात. रॅम संपली की फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या जागेत) लिहायला लागतं, आणि ब्रश ओढला की रेघ दोन सेकंदांनी उमटते ती त्यामुळेच. लोक प्रोसेसरला शिव्या देतात, त्याचा काही दोष नसतो.

तुमच्या कामाला 32 जीबी हवी. 2025 च्या अखेरीपासून रॅमचे भाव फार चढलेत, त्यामुळे एकदम 32 परवडत नसेल तर 16 ची एकच स्टिक घ्या, दुसरा स्लॉट मोकळा ठेवा आणि पुढे त्याच मॉडेलची दुसरी लावा. दोन स्लॉटच्या बोर्डात 8 च्या दोन लावल्या तर पुढे दोन्ही काढून विकाव्या लागतात. एका स्टिकवर वेग थोडा कमी मिळतो हे खरं, पण जागा नसण्यापेक्षा ते बरं.

रंगपारखी (छत्रपती संभाजीनगर)
माझं म्हणणं मॉनिटरबद्दल. 165 हर्ट्झचा एडिटिंगला काडीचा उपयोग नाही. बाजूने बघितलं की व्हीए पॅनलचा गडद भाग उजळतो, त्यामुळे नवरदेवाचा काळा सूट आणि नवरीचे केस मान हलवली तरी वेगळे दिसतात. आयपीएस (बाजूनेही फारसं न बदलणारं पॅनल) घ्या. स्पेसिफिकेशनच्या कागदावर "एसआरजीबी 99%" किंवा "100%" असं लिहिलेलं असलं पाहिजे (एसआरजीबी म्हणजे स्क्रीनसाठी ठरलेला रंगांचा नेहमीचा पट्टा). "एनटीएससी 72%" (रंगांचं जुनं माप) लिहिलं असेल तरी साधारण तेवढंच धरा. "एनटीएससी 45%" दिसलं की पुढे जा, तो एसआरजीबीच्या जेमतेम 60-65 टक्के रंग दाखवतो. बरेच स्वस्त लॅपटॉप याच गटात मोडतात.

याचा फटका हळदीच्या फोटोत बसतो. कमी गॅमटच्या (कमी रंग दाखवणाऱ्या) स्क्रीनवर झेंडूचा केशरी आणि कुंकवाचा लाल मळकट दिसतो, मग हात आपोआप सॅच्युरेशनकडे जातो. 15-20 ने वाढवल्यावर स्क्रीनवर बरं वाटतं. लॅबमधून प्रिंट येते तेव्हा नवरीचे गाल नारिंगी झालेले असतात आणि लाल शालूवरची जर नाहीशी होते, कारण लाल चॅनल 255 ला जाऊन सपाट झालेला असतो. गिऱ्हाईक लॅबला बोल लावतं. लॅबवाल्याने बिचाऱ्याने फाइलमध्ये होतं तेच छापलेलं असतं.

या बजेटमध्ये मॉनिटरला 15 हजार बाजूला काढून ठेवा आणि बाकीची ओढाताण उरलेल्या 60 त करा. 24 इंचाला फुल एचडी चालेल. 27 इंच घ्यायचा तर 2560 बाय 1440 चाच. 27 इंचावर फुल एचडीचे पिक्सेल इतके मोठे दिसतात की शार्पनिंग किती झालं याचा अंदाज चुकतो. आसुसचा प्रोआर्ट पीए248क्यूव्ही बजेटमध्ये बसला तर उत्तम: 1920 बाय 1200 आहे, त्यामुळे लाइटरूमच्या पॅनलला खाली थोडी जास्त जागा मिळते, आणि कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन येतो.

मांजराकाठ (लातूर)
प्रिंट नेहमी स्क्रीनपेक्षा काळपट येतात. तेही मॉनिटरमुळेच का?

रंगपारखी (छत्रपती संभाजीनगर)
दहापैकी नऊ वेळा ब्राइटनेसमुळे. नवा मॉनिटर 250 ते 300 निट्सवर (निट म्हणजे उजेडाचं माप) सेट होऊन येतो. प्रिंटच्या कामाला 100 ते 120 पुरतात. स्क्रीन भगभगीत असली की तुम्ही फोटो गरजेपेक्षा गडद ठेवता, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो.

कॅलिब्रेटर असेल तर 6500 केल्विन, गॅमा 2.2, 120 निट्स. डेटाकलरचा स्पायडर किंवा कॅलिब्राइटचं यंत्र चालतं. दोघा-चौघांत एक घेतलं तरी भागतं, महिन्यातून एकदाच तर लावायचं. सोबत डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर वापरता येतं. मोजायच्या आधी मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. यंत्र नसेल तर लॅबकडून एक 8 बाय 12 ची चाचणी प्रिंट काढा, ती दिवसाच्या उजेडात मॉनिटरशेजारी धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. रंगाची खात्री याने होत नाही, उजेडाची होते. मॉनिटरमधला डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड आणि विंडोजचा नाइट लाइट बंद पाहिजे. लॅबने वेगळं सांगितलं नसेल तर फाइल एसआरजीबी जेपेगच पाठवा. ॲडोबी आरजीबी पाठवली आणि लॅबच्या मशीनने प्रोफाइल वाचलं नाही, तर चेहरे फिके येतात.

गोदाकाठ (नांदेड)
मॉनिटर, रॅम ठीक. पण ग्राफिक कार्डाला कमी लेखू नका. लाइटरूममध्ये एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं) 2023 ला आलं तेव्हापासून गणित बदललंय. रात्रीची वरात, मंगल कार्यालयातला मिणमिणता उजेड, आयएसओ 6400 म्हटलं की डीनॉइज लागतंच, आणि ते जवळपास सगळं कार्डावर चालतं. प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर 24 मेगापिक्सेलच्या एका रॉला काही मिनिटं जातात. समजा पाच मिनिटं धरली, तर 200 फोटोंना 16 तासांवर. टेन्सर कोअर (एआयच्या कामासाठीचा खास भाग) असलेलं आरटीएक्स कार्ड असेल तर तेच काम मिनिटाच्या आत उरकतं. जीटीएक्स 1650 ला टेन्सर कोअर नाहीत, म्हणून ते कार्ड कोटेशनमधून काढाच. त्याऐवजी आरटीएक्स 3050 चं 6 जीबीवालं बघा. 70 वॅटचं कार्ड आहे, त्यासाठी एसएमपीएसमधून वेगळी पॉवर केबल ओढावी लागत नाही.

हार्डवेअर_जालना
गोदाकाठ, मुद्दा मान्य, पण क्रम नाही. डीनॉइज सगळ्या अडीच हजार फोटोंना लागत नाही, अल्बमला निवडलेल्या दीडशे-दोनशेंना लागतं, आणि ते रात्री लावून झोपता येतं. रॅम कमी असल्याचा त्रास मात्र दिवसभर, दर क्लिकला होतो. 75 हजारांत दोन्ही बसत नसतील तर कार्ड सहा महिन्यांनी घ्यावं. मॉनिटर सहा महिन्यांनी घेऊ म्हणणारा तो कधीच घेत नाही.

यातूनच प्रोसेसरचा प्रश्न येतो. रायझन 5 5600 ला स्वतःचं डिस्प्ले आउटपुटच नाही, कार्डाशिवाय स्क्रीन काळी राहते. म्हणून इंटेल आय5-12400 घ्या, आणि नावामागे "एफ" नसलेलाच. एफमध्ये ग्राफिक्स बंद असतं, हजार-दीड हजार वाचतात आणि पुढे पस्तावा होतो. आत यूएचडी 730 असेल तर कार्डाविना मशीन आजच चालू होईल. व्हिडिओ करणार म्हणालात, त्यात याचा आणखी एक फायदा आहे: आजचे बरेच कॅमेरे 10 बिट 4:2:2 एचईव्हीसी या व्हिडिओ प्रकारात रेकॉर्ड करतात, आणि आरटीएक्स 50 मालिकेच्या आधीची एनव्हिडिया कार्डं ते हार्डवेअरवर वाचत नाहीत. इंटेलचं क्विक सिंक (त्याच्या ग्राफिक्समधला व्हिडिओचा भाग) वाचतं. उद्या 3050 लावलं तरी बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) इंटेलचं ग्राफिक्स चालू राहू द्या, टाइमलाइन अडखळणार नाही.

बोर्ड बी760, डीडीआर4 वाला. एच610 स्वस्त पडतो, पण त्यात बहुतेक वेळा रॅमचे दोनच स्लॉट आणि एमडॉटटूचा (एसएसडी लावायचा) एकच. एसएसडी दुसरी लावायची वेळ येणारच आहे.

मांजराकाठ (लातूर)
एसएसडी किती? हार्ड डिस्क लावावी का?

हार्डवेअर_जालना
हिशेब करा. 24 मेगापिक्सेलचा कॉम्प्रेस्ड रॉ 25-30 एमबी. अडीच हजार फोटो म्हणजे 70 जीबी धरा, प्रिव्ह्यू आणि पीएसडी (फोटोशॉपच्या फाइल) मिळून एका लग्नाला 100 जीबी. 512 मध्ये विंडोज आणि प्रोग्रॅम जाऊन तीन लग्नं बसतील. 1 टीबी एनव्हीएमई एसएसडी घ्या, त्यावर चालू काम, लाइटरूमचा कॅटलॉग आणि फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क. दीडशे जीबी कायम रिकामी ठेवायची, गच्च भरलेली एसएसडी मंदावते. क्यूएलसी चिप असलेल्या स्वस्त एसएसडीत मोठी कॉपी टाकली की सुरुवातीचे काही जीबी झपाट्याने जातात आणि मग वेग हार्ड डिस्कएवढा पडतो, म्हणून टीएलसी (त्याहून चांगली चिप) आहे का ते विचारा. संपलेलं काम 4 टीबीच्या हार्ड डिस्कवर, आणि त्याची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर दुसऱ्या घरात. अल्बमची डिलिव्हरी होईपर्यंत तीन ठिकाणी फाइल असल्याशिवाय कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

कार्ड रीडरकडे कुणी बघत नाही. 64 जीबीचं कार्ड यूएसबी 2.0 वर अर्धा तास घेतं, 3.0 वर चांगलं कार्ड असेल तर 12 मिनिटं. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टची केबल असेंबल करताना 2.0 च्या हेडरला (बोर्डावरच्या जोडणीला) लावून ठेवतात, ती 3.0 ला लावून घ्या.

बालाघाट (बीड)
मध्येच विचारतो. 75 कशाला घालवायलेत? कंपन्यांतून निघालेले जुने डेल, एचपी 20-25 हजारांत मिळायलेत, त्यात रॅम वाढवली की झालं की.

हार्डवेअर_जालना
बालाघाट दादा, बजेट 35 असतं तर मीही तेच सांगितलं असतं. घेणाऱ्याने दोन गोष्टी बघाव्यात. विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि विंडोज 11 ला अधिकृतपणे इंटेल आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. म्हणजे ऑप्टिप्लेक्स 7060, एलिटडेस्क 800 जी4 पासून पुढे बघायचं; आय5-6500, 7500 वाले दुकानात ढिगाने असतात, ते नकोत. दुसरं, लहान कॅबिनेटवाल्यांचा एसएमपीएस त्याच कंपनीच्या मापाचा असतो, जळला तर बाजारातला बसत नाही, आणि कार्ड लावायचं तर लो प्रोफाइलच (कमी उंचीचं) लागतं. टॉवर मिळाला तर उत्तम. बाकी आय5-8500 आणि 16 जीबीवर निस्तं कलर करेक्शन छान होतं. अल्बमला धाप लागते.

तेरणा (धाराशिव)
मॅक मिनी एम4 चा विचार झाला का? 16 जीबी, 256 जीबीचा आपल्याकडे 59,900 ला आला होता. 15 चा मॉनिटर लावला की बरोबर 75. लाइटरूम त्यावर लोण्यासारखं चालतं, विजेला तर काहीच खात नाही.

गोदाकाठ (नांदेड)
फक्त लाइटरूम असतं तर मी मॅक मिनीच म्हणालो असतो. पण रॅम पुढे वाढवता येत नाही, 16 वर आयुष्य काढावं लागेल, आणि वर उल्लेख झालेली दोन-तीन जीबीची शीट विसरू नका. 256 जीबीमुळे बाहेरची एसएसडी पहिल्याच दिवशी लागते. शिवाय विंडोजवरची जुनी अल्बम डिझाइनची सॉफ्टवेअर आणि प्लगइन त्यावर चालणार नाहीत. मांजराकाठ, तुम्ही तयार पीएसडी टेम्प्लेट वापरत असाल तर प्रश्न नाही. एखादं खास अल्बम सॉफ्टवेअर असेल तर आधी ते मॅकवर आहे का बघा.

मांजराकाठ (लातूर)
अल्बम सॉफ्टवेअर विंडोजचंच आहे, त्यामुळे मॅक बाद. एक उपप्रश्न: शीटवर नावं मराठीत टाकताना जोडाक्षरं फुटतात. नव्या मशीनवर हे सुटेल का?

रंगपारखी (छत्रपती संभाजीनगर)
मशीनचा संबंध नाही. युनिकोड फॉन्ट वापरत असाल तर फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप या भागात जाऊन वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा (जुन्या आवृत्तीत तिथेच मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन असा पर्याय असतो), मग फाइल नव्याने उघडा. आधीच्या टेक्स्टसाठी पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर लावावा लागतो. "श्री", "ज्ञानेश्वर", "प्रज्ञा", "र्‍हा" लिहून बघा, सगळी नीट आली की झालं. श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, त्यांना हा नियम लागू नाही. त्यांचा मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये बदलला की नुसती खिचडी दिसते.

एसएमपीएस_परभणी
सगळ्यांनी महत्त्वाचं मागे ठेवलंय. कॅबिनेटसोबत येणारा फुकटचा एसएमपीएस नको म्हणजे नको. वर 450 वॅट छापलेलं असतं, आत तेवढं देण्याची ताकद नसते, आणि जळताना तो बोर्डही सोबत नेतो. नावाच्या कंपनीचा 550 वॅट, 80 प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) घ्या. हे मशीन 12400 आणि 3050 धरून पूर्ण लोडवर मॉनिटरसकट 250-300 वॅटच्या आसपास राहील, म्हणजे पुढे मोठं कार्ड घ्यायलाही वाव आहे.

यूपीएस 1000 व्हीए, म्हणजे साधारण 600 वॅटचा. 600 व्हीए वाला 360 वॅट देतो, कागदावर चालेल, पण बॅटरी वर्षभर जुनी झाली की लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करायलाही उसंत मिळत नाही. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडवर बदलायला वेळ जास्त लागतो आणि मशीन रिस्टार्ट होतं. लाइट जाताना लाइटरूमचा कॅटलॉग लिहिला जात असेल तर तो खराब होतो, म्हणून बंद करताना बॅकअप घ्यायचं सेटिंग रोजचं ठेवा.

अर्थिंग तपासून घ्या. वायरमनला मल्टिमीटर एसीवर लावायला सांगा: फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये 2-3 व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा 100-150 वर डोलत असेल तर अर्थिंग नावालाच आहे. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, बाहेरची हार्ड डिस्क मध्येच सुटते, हे त्याचंच लक्षण. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. मार्च ते जून आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी ओतायचं.

मांजराकाठ (लातूर)
मे महिन्यात खोलीत चाळिशी गाठते. वॉटर कूलिंग लागेल का?

एसएमपीएस_परभणी
अजिबात नाही. 12400 बॉक्समध्ये येणाऱ्या फॅनवर चालतो. कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको. पुढे दोन फॅन हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत जास्त ओढली की फटींतून धूळ कमी शिरते. पुढे धुळीची जाळी हवीच, ती उन्हाळ्यात 15 दिवसांनी झटका. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर सोडू नका, त्या ओलाव्यात धूळ हीटसिंकवर चिकटून लेप बसतो आणि ब्लोअरनेही निघत नाही. खिडकी उघडी ठेवून कूलर चालवला तर बास. लाइटरूममध्ये 200 फोटो एक्सपोर्टला लावा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये प्रोसेसरचं तापमान बघा. 85 अंशांपर्यंत काळजी नको. 95 च्या वर जाऊन वेग पडत असेल तर हीटसिंकची एखादी पिन नीट बसलेली नसते.

गोदाकाठ (नांदेड)
खरेदीचं. नांदेड-लातूरहून बरेच जण सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जातात, भाव बरा मिळतो. पण खराब निघालं तर परत तिथवर जावं लागतं. माझ्या मते प्रोसेसर, एसएसडी, रॅम कुठूनही घ्या, त्यांची वॉरंटी कंपनीकडून मिळते. मॉनिटर, बोर्ड आणि एसएमपीएस मात्र लातुरात किंवा संभाजीनगरला, जिथे सर्व्हिस सेंटर आहे का हे आधी विचारून. प्रोसेसर बॉक्सवाला घ्या, तीन वर्षांची कंपनी वॉरंटी असते. ट्रेवाल्याला (बॉक्सविना सुट्या मिळणाऱ्याला) दुकानदार देईल तेवढीच, आणि फॅनही नसतो. जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर. जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्क्यांचं क्रेडिटही मिळेल.

मांजराकाठ (लातूर)
मग यादी अशी करतोय: आय5-12400 बॉक्स, बी760 डीडीआर4 चार स्लॉटचा, 16 जीबी 3200 ची एक स्टिक, 1 टीबी टीएलसी एनव्हीएमई, 550 वॅट ब्रॉन्झ, जाळीचं कॅबिनेट, 24 इंची आयपीएस 99% एसआरजीबी. जे उरेल त्यात दुसरी 16 ची स्टिक. कार्ड दिवाळीनंतर. असेंबल झाल्यावर दुकानातच काय तपासू?

हार्डवेअर_जालना
यादी बरोबर. दुकानात हे बघा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 3200 दिसलं पाहिजे. 2400 किंवा 2666 दिसलं तर बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमला पूर्ण वेग देणारं सेटिंग) चालू करायला सांगा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीचे पॉवर ऑन अवर्स बघा. नव्या डिस्कवर दोन-चार तास ठीक, शेकड्यांत असतील तर ती वापरलेली आहे, लगेच परत द्या. मॉनिटरवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची ग्रेडियंट उघडा, पट्टे दिसायला नकोत; पूर्ण पांढरी, लाल, हिरवी, निळी स्क्रीन करून मेलेले पिक्सेल शोधा.

घरी आल्यावर फोटोशॉपच्या परफॉर्मन्स सेटिंगमध्ये मेमरी 70 टक्क्यांवर ठेवा, त्याहून वाढवली तर लाइटरूम उपाशी मरतं. लाइटरूममध्ये कॅमेरा रॉ कॅशे 5 जीबी असतो तो 30 करा, इम्पोर्ट करतानाच स्मार्ट प्रिव्ह्यू बनवा आणि एडिटिंगसाठी मूळ फाइलऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरण्याची खूण लावा. 16 जीबीवर डेव्हलप मोड्यूलचा फरक लगेच जाणवेल. शीट 2 जीबीच्या वर गेली की पीएसडी सेव्ह होत नाही, तेव्हा पीएसबी (मोठ्या फाइलसाठीचा प्रकार) निवडा. आणि क्रॅक केलेलं फोटोशॉप टाकून देतो म्हणाले तर नको म्हणा. त्यासोबत येणारा रॅन्समवेअर जोडलेल्या बॅकअप डिस्कवरचे रॉसुद्धा लॉक करतो. ॲडोबीचं भाडं जड वाटत असेल तर ॲफिनिटी 2025 पासून मोफत झालंय, पीएसडी उघडतं, आणि रॉसाठी डार्कटेबल आहे. मराठी टेक्स्ट त्यात नीट येतं का ते मात्र आधी एका शीटवर तपासा.

मांजराकाठ (लातूर)
उद्या तीन दुकानांतून याच यादीवर कोटेशन घेतो. रॅमचा आणि एसएसडीचा भाव त्याच दिवशीचा लिहून मागतो. आकडे आले की इथेच टाकतो.